टुटू (बॅलेचा आखूड, ताठ फ्रॉक) घालून निपाणीच्या बाजारात (तुमचाही असा दिवस असेल तर लिहा)

अनगोळची

काल बेळगावच्या सीबीटी स्टँडवर खानापूरच्या गाडीत चारेक वर्षांची एक पोर चढत होती. अंगात कॅनकॅनचा फुगीर फ्रॉक, दारातच अडकली. कंडक्टरनं दोन्ही हातांनी तिचा घेर गोळा केला आणि "मुंद बर्री अव्वा" (पुढं या बाई) म्हणत आत घेतलं. मला एकदम 2003 आठवलं. रात्रभर तेच डोक्यात.

पुण्यात नोकरी करताना दोन वर्षं बॅले शिकून मी तेव्हा परत आले होते. विशी ओलांडल्यावर सुरू केलेलं, म्हणजे उशिराच, पण वेड लागलं ते लागलं. आमच्या घरात माझ्या नाचाला पहिल्यांदा कुणी हो म्हटलं असेल तर निपाणीच्या आत्यानं. तंबाखूच्या वखारीत कामाला होती. टुटूचे पैसे तिनंच दिले. शहापुरातल्या टेलरमामांनी आणि मी मिळून तो शिवला. कडक नेटचे दहा थर, खालचा सगळ्यात आखूड, वर जाईल तसा मोठा, आणि थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून मधे हातचे सैल टाके. दीड महिना लागला. बेळगावात कार्यक्रम ठरला आणि आठ दिवस आधी आत्या पडली, मांडीचं हाड मोडलं. फोनवर एवढंच म्हणाली, "मला तो फ्रॉक बघायचा हाय."

आखूड, ताठ टुटू पिशवीत भरता येत नाही. घडी घातली की नेट मोडते. उलटा टांगायचा नाहीतर सपाट ठेवायचा. बसमध्ये सपाट कुठं ठेवणार? म्हणून अंगावरच घातला. पायात पांढरे टाइट्स, वर आईची शाल. आई काही बोलली नाही, शालीला पिन लावली फक्त.

दोन तास शेवटच्या सीटवर टेकून, खरं तर अर्धी उभीच. तवंदी घाटात प्रत्येक वळणाला दोन्ही हातांनी घेर धरलेला.

निपाणीत उतरले तर बाजाराचा दिवस. रिक्षा आत जाईना आणि आत्याचं घर बाजाराच्या पलीकडं. मग चालत निघाले. मान वर, खांदे खाली, क्लासमध्ये शिकवलं होतं तशी. पोरं मागं लागली, हसली पण. पण मला जे आठवतं ते वेगळंच. भाजी विकणाऱ्या एका मावशीनं आधी हात पदराला पुसला आणि मग जाळीला लावला. "मीटर कितीला पडली?" मी सांगितलं. "टाकं हातचं?" हातचे. तिनं शेजारणीला हाक मारली, दोघींनी वाकून थर मोजले. बरोबर दहा. "कुठल्या नाटक कंपनीतली गं तू?" म्हटलं कंपनी नाही, आत्या झोपून आहे, तिला दाखवायला चाललेय. मावशी उठलीच. भाजीचा ढीग शेजारणीवर सोपवून "सरका ओ, पोरीचा कपडा चुरगळंल" असं ओरडत पुढं चालत तिनं मला बाजाराच्या टोकापर्यंत नेलं.

आत्याच्या खोलीत गिरकी घ्यायला जागा नव्हती. क्लासमध्ये भिंतीच्या बारला धरतात तसा मी तिच्या खाटेचा कठडा धरला आणि प्लीए (गुडघे वाकवणं), तांद्यू (पाय लांब ताणणं), रेलव्हे (टाचा उचलणं) सगळं केलं. ती नुसती पाय बघत होती. मग म्हणाली, "एवढा आखूड का ते आत्ता कळलं. पाय दिसाय पायजेत." पुण्यात मला हे पुस्तकात वाचून कळलं होतं, तिला बघून कळलं.

टुटूला तिथल्या तंबाखूचा वास लागला तो वर्षभर गेला नाही. अजून माळ्यावर आहे, पिवळा पडलाय.

तुम्ही कधी जीव की प्राण असलेलं काही अंगावर घालून बसमध्ये, बाजारात गेलात का? लिहा.

तवंदी घाट

सकाळी सकाळी रडवलंस बाई. माझं माहेर निपाणी. वखारीतल्या बायकांचं असंच, हात लावून बघितल्याशिवाय कशावर विश्वास नाही, पण एकदा विश्वास बसला की जीव देतील. कुठल्या गल्लीत गं आत्या?

चाळवाली

आमचं त्या मानानं सोपं. भरतनाट्यमच्या पोशाखाचा पंखा (पुढच्या चुण्या) घडीवर घडी बसतो, पिशवीत मावतो. पण चिकोडीचा कार्यक्रम संपला तेव्हा शेवटची गाडी सुटत होती, मेकअप उतरवायला वेळ नव्हता. कमरपट्टा, हातापायाला आलता, सगळं तसंच. मी चौदा वर्षांची. एका आजोबांनी उठून जागा दिली आणि हात जोडले. मीही जोडले, दुसरं काय सुचणार. घरी येईपर्यंत ताठ बसले होते, त्यांचा नमस्कार मोडू नये म्हणून.

तुमचा प्लीए आणि आमची अरमंडी, गुडघे बाहेर उघडून बसायची रीत एकच ना?

अनगोळची

@चाळवाली हो, गुडघे बोटांच्या रेषेत बाहेर. पण आमच्यात खाली जायचं ते वर उठायला, उडी मारायला. तुमच्यात तिथंच बसून जमिनीवर पाय वाजवायचा. आजोबांचं वाचून अंगावर काटा आला.

@तवंदी फोनवर सांगते

ढबू मिरची

निपाणी म्हटलं की संकेश्वर आलंच वाटेत. खरी संकेश्वरी मिरची कुठं मिळते आता? परवा बाजारात संकेश्वरी म्हणून दिली, घरी येऊन कुटली तर नुसता रंग, तिखट नावाला नाही. ब्याडगीच असणार

हुक्केरी रोड

@ढबू रंग आणि तिखट नाही म्हणजे ब्याडगीच. ओळखीच्या शेतकऱ्याकडनं घ्या. सुरकुत्या जास्त दिसल्या की घेऊ नका

बांधावरचा

मी पुरुष आहे, तरी लिहू का? 1987-88 ला सोव्हिएत महोत्सव भारतात झाला, त्या सुमारास शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बॅले बघितला. एवढा उंच उडालेला माणूस खाली येताना आवाज होत नाही, हे मला पटेना. दुसऱ्या दिवसापासून उसाच्या बांधावरून उड्या. आधी बोटं टेकवायची, मग टाच, मग गुडघा वाकवायचा. कुणी शिकवलं नाही, आपटून आपटून कळलं. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. टुटू नाही, नाचाचं काहीच घातलं नाही कधी. पण पन्नाशीतही ट्रॅक्टरवरून आवाज न करता उतरतो.

अनगोळची

@बांधावरचा दादा, अगदी असंच शिकवतात. बोटं, टाच, प्लीए. तुम्हाला बरोबर सापडलं होतं.

तवंदी घाट

@बांधावरचा का नाही लिहायचं. अजून लिहा

नंदगडची लेक

98 साली जीन्स घालून नंदगडच्या बाजारात गेले. बाजारात कुणी ब्र काढला नाही. घरी मात्र काका तीन महिने बोलले नाहीत. एवढंच. दूध उतू जातंय

खडेबाजार

थोडं वेगळं. मुलीला बॅलेला पाठवायला सासऱ्यांचा विरोध होता, "परक्यांचा नाच" म्हणून. त्यांना सांगितलं, आपले उदय शंकर 1923 साली लंडनला बॅलेवाल्या आन्ना पावलोवाबरोबर नाचले, ती राधा आणि ते कृष्ण. फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. "ही रशियाची?" हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी स्वतः फी भरून आले. आता नातीबरोबर रोज गिरक्या मोजतात. 1895 ला पिएरिना लेन्यानीनं पीटर्सबर्गला 'स्वान लेक'मध्ये एका पायावर 32 घेतल्या होत्या हे त्यांना पाठ. पोरगी तीनवर आहे. चौथी झाली की पेढे नाही, कुंदा वाटणार म्हणतात.

सुईदोरा

मी खानापुरात शिवणकाम करते. मुलीला स्नेहसंमेलनाला असा ड्रेस पाहिजे. कॅनकॅनची नेट चालेल का? ताई प्लीज सांगा, वेळ कमी आहे

अनगोळची

@सुईदोरा शाळेसाठी आखूड नको. त्याला चड्डीवरच एकेक थर शिवत जावं लागतं, फार वेळ खातो. लांब करा, घंटेसारखा, पोटरीपर्यंत. आधी तोच होता, बॅले नर्तिका मारी तालिओनीनं 1832 साली पॅरिसात घातला तसा. मऊ नेट, चार थर, चुण्या घालून पट्टीला जोडा, आत सुती अस्तर द्या म्हणजे टोचणार नाही. बसमध्ये बसताही येतं.

तवंदी घाट

आत्याला कार्यक्रम बघायला मिळाला का गं शेवटी?

अनगोळची

तो नाही. पुढच्या वर्षीचा बघितला, काठी घेऊन आली होती, पहिल्या रांगेत. आणि ती भाजीवाली मावशी आत्या झोपून होती तोवर दर बाजाराला घरी भाजी टाकून जायची. "पोरीचा नाच झाला काय?" विचारायची. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही त्या दिवशी, ते अजून लागतं मनाला.

ढबू मिरची

@हुक्केरी रोड तुमच्या ओळखीचा कुणी आहे का? दोन किलो पाहिजे

सुईदोरा

नेट आणली, गणपत गल्लीतून. आठ मीटर. पुरेल ना?

अनगोळची

कितवीत आहे?

सुईदोरा

दुसरीत

अनगोळची

भरपूर. कमरेचं माप पाठव, चुण्या किती घ्यायच्या सांगते.