विषय: पुन: कोरोनाडोची सहल, एक डबा आणि मर्लिन मन्रो

नमस्कार मंडळी,

रविवारची सहल छान झाली. निळ्या झाकणाचा एक स्टीलचा डबा माझ्या गाडीत राहिलाय. ज्यांचा असेल त्यांनी कळवा.

आपण ज्याच्यासमोर फोटो काढत होतो ते लाल छपराचं लाकडी हॉटेल, कॅलिफोर्नियातलं हॉटेल डेल कोरोनाडो, १८८८ सालचं आहे. दिग्दर्शक बिली वाइल्डरने 'सम लाइक इट हॉट' या विनोदी सिनेमाचं शूटिंग १९५८ मध्ये तिथेच केलं. सिनेमात मात्र ते फ्लॉरिडातलं म्हणून दाखवलंय. घरी आल्यावर राहवेना, रात्री पुन्हा लावला. तर माझी दोन मतं. एक, सिनेमा मर्लिन मन्रोचा, बाकीचे तोंडी लावायला. दोन, आपली 'अशी ही बनवाबनवी' ही त्याचीच नक्कल. फिल्म क्लबला हाच ठेवायचा का?

सेक्रेटरी

---

अरे सेक्रेटरी,

दुसऱ्या मतावर आधी कान धरतो. बनवाबनवीचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'मध्ये (१९६६). तिथे भानगड भाड्याच्या खोलीची. इथे दोन वाजंत्री शिकागोत १९२९ च्या व्हॅलेंटाइन डेचं हत्याकांड डोळ्यांनी बघतात आणि गुंडांपासून जीव वाचवायला बायकांच्या बँडमध्ये घुसतात. साडी आणि फ्रॉक दिसले की लगेच नक्कल नाही म्हणायचं. वाइल्डरनेही कल्पना १९३५ च्या एका फ्रेंच सिनेमावरून उचललेली. साहेबाकडून आलेलं बाईचं सोंग हवं असेल तर 'मोरूची मावशी' घे, अत्र्यांनी ती 'चार्लीज आंट'वरून केली.

आता मर्लिनबाई. तीन शब्दांचं एक वाक्य, तेही दाराबाहेरून म्हणायचं. त्याला चाळीसच्या वर टेक झाले म्हणतात. दुसऱ्या एका वाक्यासाठी म्हणे कपाटाच्या खणांत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. तोवर ते दोन वाजंत्री, म्हणजे टोनी कर्टिस आणि जॅक लेमन, उंच टाचांवर ताटकळत उभे! सिनेमा लेमनचा. विषय संपला.

ग्रंथालयवाले काका

---

काका, तुमच्याकडे विषय इतक्या लवकर कधीपासून संपायला लागले?

पंगतीत बसलेल्याला आत किती पोळ्या करपल्या ते कोण सांगतं? पानात काय पडलं ते बघायचं. स्टेशनवर ती पहिल्यांदा येते, गाडीतून वाफेचा फुत्कार सुटतो आणि ती दचकून टुणकन बाजूला होते. एवढ्यात तिचं पात्र उभं राहतं. चाळीस टेक लागले असतील, मला त्यातला एकही दिसला नाही.

पण लेमनचं म्हणाल तर माझाही जीव त्याच्यावरच आहे, आणि तो एका प्रवेशासाठी. रात्रभर म्हाताऱ्या करोडपतीबरोबर टँगो नाचून आलेला लेमन फ्रॉकमध्येच पलंगावर पडलाय, हातात माराकास म्हणजे आपले खुळखुळे. आपलं लग्न ठरलं ही बातमी तो कर्टिसला देतो. दर वाक्यानंतर खुळखुळे वाजवतो, थोडं गुणगुणतो, मग पुढचं वाक्य. ते खुळखुळे वाइल्डरने मुद्दाम दिले होते. का, ते हौशी नाटकात काम केलेल्या कुणालाही लगेच कळेल. आम्हाला तालमीत पहिला धडा हाच असायचा: हशा खाली बसू दे, मग तोंड उघड. नाटकात नट थांबू शकतो. पडद्यावरचा नट प्रेक्षकांसाठी कसा थांबणार? म्हणून हशाची जागा आधीच शिवून ठेवली. एकटीने लॅपटॉपवर बघितला तेव्हा मला तो प्रवेश उगाच लांबलेला वाटला होता. पन्नास माणसांत बघाल तर एकही वाक्य हशात बुडणार नाही.

तेव्हा सेक्रेटरी, हॉल घ्या. लिंक पाठवून मोकळे होऊ नका.

वडेवाल्या काकू

---

काकू, काका, नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय.

माझ्या मुलाने विचारलं, तेव्हा रंग नव्हते का? होते! मर्लिनच्या करारात तर रंगीतच लिहिलेलं होतं. पण चाचणीत पुरुषांचे रंगवलेले चेहरे हिरवट दिसायला लागले, म्हणून कृष्णधवल. ऑस्करही मिळालं ते कृष्णधवल वेशभूषेचं, ऑरी-केली यांना.

मला खटकलं ते वेगळंच. कर्टिस खोटा श्रीमंत बनतो (आवाज थेट हॉलिवूडचा नट कॅरी ग्रँटचा), मर्लिनच्या त्या भोळ्या मुलीला दुसऱ्याच्याच बोटीवर नेतो, आणि आपण हसायचं? उलट लेमनचं पात्र आपण पुरुष आहोत हेच विसरून लग्नाचे बेत करतं. सगळ्या सिनेमात खोटेपणा नसलेला तो एकटाच वाटला मला.

बालविहारवाली

---

बालविहारवाली, बरं झालं लिहिलंस. फसवणुकीचा मुद्दा मान्य. तरी ती बोट मला आवडते, काय करू.

लेमनबद्दल एक राहिलं. दोघांना बाईसारखं चालायला शिकवायला बार्बेट नावाचा जुना कलावंत आणला होता, स्त्रीवेषात झुल्यावर कसरती करणारा. लेमनला ती सराईत चाल नकोच होती. जमत नसलेला पुरुष दिसला पाहिजे म्हणाला. आपल्याकडे नेमकं उलटं. बालगंधर्व रुक्मिणी म्हणून आले की बायका त्यांची नेसण बघून तशी नेसायच्या. तिथे पुरुष पुसला जायचा, इथे तो पावलोपावली घसरून पडतो आणि आपण हसतो. दोन्हीला कसब लागतं, पण जात निराळी. (बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा. त्या हॉटेलचंच वय. सहज सुचलं.)

काकूंचं खुळखुळ्यांचं पटलं. हॉल घ्या. वडे असतील तर खुर्च्या लावायला मी येतो.

काका

---

हॉल घेतोय, तारीख कळवतो. इंग्रजी सबटायटल लावू, संवाद फार भरभर आहेत. मर्लिनबद्दलचं मत मी मागे घेत नाही.

डब्यावर तीन जणींनी हक्क सांगितलाय. आत काय होतं ते लिहून पाठवा.

सेक्रेटरी