आवडत नसलेलं नाव बदलणारी मुलं कृतघ्न?

रानजाई

मुलांच्या नावांवरच्या धाग्यात काल सरळरेघ यांनी लिहिलं: "आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव राजपत्रात छापून बदलणारी मुलं कृतघ्न आहेत. नाव आवडत नाही ही पोट भरल्यावरची दुखणी. आमच्या वेळी आवडतं का असं कुणी विचारत नव्हतं आणि कुणाचं काही अडलंही नाही." खाली अनुमोदनांची रांग लागली. तिथे लिहिलं तर वाहून जाईल, म्हणून वेगळा धागा.

कुणाचं काही अडलं नाही? आमच्या वर्गात नकुशा होती. ओळीने मुलीच झालेल्या घरातली शेवटची. आता तरी मुलगी नको, म्हणून हे नाव. बाई हजेरी घेताना तिच्या आधीच्या नंबरावर आल्या की ती बाकाच्या कडेला सरकून तयार बसायची आणि बाईंनी पहिलं अक्षर उच्चारलं की घाईने 'हजर' म्हणायची. पूर्ण नाव वर्गात ऐकू जाऊ नये, एवढ्यासाठी. एकदा नव्या बाई आल्या. त्यांना कळलं नाही म्हणून त्यांनी नाव पुन्हा पुकारलं, मोठ्याने. ती उभी राहिली, पण 'हजर' म्हणालीच नाही.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचं कार्यक्रम घेऊन पुन्हा नामकरण झालं, नव्या नावांचे दाखले त्यांच्या हातात दिले गेले. काहींनी नट्यांची नावं घेतली, काहींनी जुन्या वळणाची. त्या सगळ्या कृतघ्न का? नाव ठेवणाऱ्याचं काम बारशाच्या दिवशी संपतं. पुढे जन्मभर ज्याला त्या नावाला ओ द्यायची आहे, शेवटचा शब्द त्याचा.

सरळरेघ

मला वाटलंच होतं नकुशा येणार. ताई, नकुशाबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. ते नाव नव्हे, तो अन्याय आहे. त्या मुलींचं झालं ते उत्तम झालं.

मी लिहिलं ते माझ्या पुतण्यासारख्यांबद्दल. माझे वडील गेले त्याच वर्षी तो जन्मला. भावाने वडिलांचं नाव ठेवलं, विनायक. बारशाला माझी आई त्याला मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती. आज पंचविशीत या पोराला ते नाव जुनाट वाटतं. ऑफिसात लोक हसतात म्हणे. राजपत्रात नोंद करून 'विआन' झाला, आणि घरी कळवलं ते व्हॉट्सॅपवर. आईने विचारलं, "म्हणजे आता तो आपला राहिला नाही का?" याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

पाटीपेन्सिल

'विआन' म्हणजे काय पण? हल्ली अंगणवाडीत एका वर्गात कियान, रियान, विआन आणि अयान. एकाला हाक मारली की चौघं वळतात. पालक अर्थ सांगतात तो कुठल्या तरी संकेतस्थळावरचा, कोशात शोधून सापडत नाही. यमुना, गोदावरी, सीताराम, पांडुरंग ही नावं पुढच्या पिढीत दिसणार तरी आहेत का?

रानजाई

पाटीपेन्सिल, तो वेगळा धागा काढा, तिथेही येईन. इथे मुद्दा नाव चांगलं की वाईट हा नाहीच. ज्याचं आहे त्याला ते आपलं वाटतं का, एवढाच आहे.

केशव नावाचा बंडू

सरळरेघ काका, तुमच्या पुतण्याला घरात हाक काय मारत होते? आजी नवऱ्याचं नाव घेणार नाही, आई सासऱ्यांचं नाव घेणार नाही. मग विनायक म्हणत तरी कोण होतं?

हे मी स्वतः भोगलंय. आजोबा केशव, म्हणून मी केशव. पण घरात बायकांनी ते नाव उच्चारायचं नाही, आणि वडिलांना पोराला रागावताना स्वतःच्या बापाचं नाव तोंडात येईल याची भीती. मग मी बंडू. शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजी केशव पुकारत राहिले आणि मी इकडेतिकडे बघत बसलो, हा कोण केशव आलाय म्हणून. अजूनही कुणी पूर्ण नावाने हाक मारली की आधी आजोबांचा फोटोच डोळ्यांपुढे येतो. आजोबांवर माझं प्रेम आहे. पण मला स्वतःचं नाव मिळालंच नाही, मिळालं ते त्यांचं स्मारक.

सरळरेघ

विनू म्हणायचे सगळे. आईसुद्धा. एवढी पळवाट घरोघरी काढतात, त्यात काही बिघडत नाही. आणि बंडू, तुम्ही नाव बदललंत का? नाही ना? झालं तर मग.

केशव नावाचा बंडू

बदललं नाही, कारण वडिलांना वाईट वाटेल या धाकात पन्नाशी आली. त्याला तुम्ही कृतज्ञता म्हणत असाल, तर म्हणा.

दगडूचा नातू

सरळरेघ यांच्या बाजूने एक सांगतो. माझ्या आजोबांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. हे जन्मले तेव्हा पणजीने त्यांना उकिरड्यावर टेकवून उचललं आणि नाव ठेवलं दगडू. दृष्ट लागू नये, यमाने ढुंकून बघू नये म्हणून. धोंडू, केरू, कचरू, भिकू ही सगळी त्यातलीच नावं. शहरात नोकरीला गेल्यावर साहेबाने सुचवलं, दत्तात्रय लाव. आजोबा म्हणाले, "माझी आय या नावानं मला जगवून गेली, मी ते टाकू?" निवृत्तीच्या शालीवरच्या चिठ्ठीतही दगडूच होतं. नाव कानाला कसं लागतं त्यापेक्षा ते कशासाठी ठेवलं ते बघा.

रानजाई

वाचून पोटात कालवलं. पण दादा, तुमच्या आजोबांना कुणीतरी विचारलं आणि त्यांनी 'नाही' म्हटलं. ती निवड त्यांची होती. मी तेवढंच मागतेय.

तिसरी घंटा

मघापासून वाचतेय. एक साधा प्रश्न. मुलाने स्वतःचं नाव बदललं की कृतघ्न. मग लग्नात सुनेचं नाव ताम्हणातल्या तांदळात अंगठीने लिहून बदलता, तेव्हा तिच्या आईबापांची हौस कुठे जाते? त्यांनीही बारसं केलेलंच असतं ना?

माझं नाव अनघा. सासूबाईंचंही अनघाच निघालं. एका घरात दोन नकोत, म्हणून नवऱ्याकडच्यांनी परस्पर ठरवलं. तांदूळ पसरलेले, नवरा अंगठीने लिहितोय, नातेवाईक वाकून बघतायत, आणि मी ते अक्षर उलट्या बाजूने वाचतेय. 'समृद्धी'. बाबा माझ्या मागेच उभे होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनीही वाजवल्या. मग मला सांगितलं, आता या नावाने उखाणा घे सगळ्यांसमोर.

बँकेत, माझ्या प्रबंधावर, मैत्रिणींच्या तोंडी मी आजही अनघा आहे. सासरच्या लग्नपत्रिकांवर मात्र समृद्धी. माझ्याच पुतणीच्या पत्रिकेत माझं नाव शोधताना मला ते एकदम सापडलं नव्हतं.

सरळरेघ

हे विषयांतर आहे. तो विधी आहे. नव्या घरात स्वागत करण्याची पद्धत आहे. त्याची तुलना व्हॉट्सॅपवरून नाव फेकून देण्याशी करू नका.

तिसरी घंटा

स्वागत करायचं असेल तर आलेल्या माणसाचं करा. तिचं नाव दाराबाहेर ठेवून आणि तिला आत घेऊन ते होत नाही.

जुनी वही

सगळ्याचा एवढा बाऊ कशाला? आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनू. धोंडो केशव कर्व्यांच्या आनंदीबाई आधी गोदूबाई होत्या. लता मंगेशकरांचं जन्मनाव हेमा होतं, वडिलांच्या नाटकातल्या लतिकेवरून लता झाल्या. दुर्गा खोटे मूळच्या विठा लाड. यांचं काय कमी झालं? १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन पदवी घेतली ती आनंदीने, यमुनाने नव्हे. माणूस नाव मोठं करतो.

तिसरी घंटा

जुनी वही, आनंदीबाई लग्नात नऊ वर्षांच्या होत्या. नऊ! पुढे त्या मोठ्या झाल्या म्हणून नऊ वर्षांच्या मुलीला न विचारता केलेली गोष्ट बरोबर ठरते का? गोपाळरावांनी ठेवलेल्या नावाचं कौतुक करण्याआधी एवढं तरी मनात येऊ द्या. माझ्या लग्नाचा विषय निघाला की घरातही हेच ऐकते, बघ आनंदीबाई, बघ रमाबाई. थोर बायकांना पुढे करून साध्या बायकांना गप्प बसवायचं, याचा मला मनापासून संताप आहे.

जुनी वही

आवाज खाली. मी कुणाला गप्प बसवलेलं नाही. उदाहरणं दिली, ती खोटी असतील तर सांगा.

रानजाई

उदाहरणं खरी आहेत. पण त्या यादीत सविताबाई आंबेडकर राहिल्या. माहेरच्या शारदा कबीर. १९४८ मध्ये लग्न झालं, सविता झाल्या. पण बाबासाहेब त्यांना शारूच म्हणत. कागदावर काहीही असो, जवळच्या माणसाने जुनं नाव तोंडातून जाऊ दिलं नाही.

सातबारा

भावना बाजूला ठेवून जरा कागदाचं बोलतो, कारण ही फुटकी घागर शेवटी वारसांच्या डोक्यावर येते.

माझ्या आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. सातबाऱ्यावर सासरचं. बँकेत कारकुनाने ऐकून लिहिलेलं तिसरंच. आई गेल्यावर वारस नोंदीसाठी अर्ज केला तर तलाठी म्हणाला, या तीन बायका कोण? प्रतिज्ञापत्र, पंचनामा, जुन्या शेजाऱ्यांचे जबाब. मामाला माहेरगावाहून यावं लागलं, ही माझीच बहीण हे सांगायला. जिने जन्म दिला ती एकच बाई होती, हे मी सरकारला पटवत हिंडलो.

लग्नानंतर बायकोने नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. पासपोर्टसाठीसुद्धा गरज नाही, हे २०१७ मध्ये जाहीर सांगून झालं. तरी माणसं हौसेने घोळ घालतात. आणि आता आणखी एक. राज्य सरकारच्या मार्च २०२४ च्या निर्णयाने त्यात ठरवलेल्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव येतं. निर्णय चांगलाच आहे. पण आईचं म्हणजे कुठलं? ताम्हणातलं की पाळण्यातलं? आईची दोन नावं असतील तर घोळ मुलाच्या दाखल्यापर्यंत जातो.

तिसरी घंटा

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या लेकीच्या शाळेत 'समृद्धी' गेलंय, सासऱ्यांनी फॉर्म भरला होता. आजच काढून बघते.

मोरपंखी

सगळ्या एका बाजूने बोलताय म्हणून लिहिते. लग्नात नाव बदललं याचा मला आनंदच झाला.

दाखल्यावर माझं नाव 'बेबी'. आईने दवाखान्यात नाव सांगितलंच नव्हतं, सगळे बेबी म्हणत तेच शाळेत लागलं. तिसरीत ठीक होतं. शिक्षिका म्हणून मुलाखतीला गेले तेव्हा समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "या, बेबी." बाकीचे हसले. त्या खोलीत पुढे मी काय उत्तरं दिली मला आठवत नाही.

लग्न ठरल्यावर मीच नवऱ्याला सांगितलं, तांदळात मृणाल लिही. हे नाव मी शाळेपासून वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत होते. त्याने तेच लिहिलं. त्या ताम्हणाला नावं ठेवू नका. मला माझं नाव तिथे मिळालं.

जुनी वही

बघा. म्हणजे विधीत वाईट काही नाही.

तिसरी घंटा

मृणालताई, तुमचं वाचून बरं वाटलं, खरंच. पण जुनी वही, नीट वाचा. नाव त्यांनी निवडलं. वहीत लिहून ठेवलं होतं त्यांनी.

मोरपंखी

हो, ते कबूल. नवऱ्याने मनाने दुसरं काही लिहिलं असतं तर मी त्या पाटावरून उठले असते.

रानजाई

सरळरेघ, तुमचा पुतण्या आणि मृणालताई यांच्यात फरक काय ते सांगाल? दोघांना लोक हसले. दोघांनी स्वतः नाव निवडलं. तिचं मांडवात झालं म्हणून संस्कार, त्याचं राजपत्रात झालं म्हणून कृतघ्नपणा?

सरळरेघ

फरक आहे. बेबी हे ठरवून ठेवलेलं नावच नव्हतं, राहून गेलेलं होतं. विनायक हे माझ्या मेलेल्या बापाचं नाव होतं. ते जुनाट म्हणून टाकलं याचं मला दुःख आहे आणि ते राहणार. तुमच्या दहा प्रतिसादांनी ते जाणार नाही. कृतघ्न हा शब्द जड झाला असेल. पण निदान आजीसमोर बसून सांगायला हवं होतं, एवढं तरी माना.

केशव नावाचा बंडू

ते मानलं. समोर बसून सांगायला हवं होतं.

रानजाई

मीही मानते. सांगण्याची रीत चुकली. नाव बदलणं चुकलं नाही.

सरळरेघ

अर्ध्यावर थांबू मग. सुनेच्या बाबतीत एक सांगतो. या मार्गशीर्षात आमच्या मुलाचं लग्न आहे. आमच्याकडे नाव बदलतातच, बहिणीने दोनतीन काढूनही ठेवलीत. अनघाताईंचं वाचून तिला सांगितलं, ते राहू दे, ताम्हणात मुलीचं आहे तेच नाव लिहायचं. बहीण रुसली आहे. तुमचं सगळं पटलं असं समजू नका, पण टाळ्या वाजवणाऱ्या त्या बापाचं मला वाईट वाटलं.

तिसरी घंटा

काका, मनापासून आभार. फक्त तेही परस्पर ठरवू नका. मुलीला विचारा. न जाणो, तिच्याही वहीत एखादं नाव असेल.

सातबारा

आणि काय ते विवाह नोंदणीच्या फॉर्मवर सही करण्याआधी ठरवा. बदललंच तर राजपत्राची प्रत काढून ठेवा, पॅन, बँक, पासपोर्ट सगळीकडे एकच स्पेलिंग लावा, आणि शाळेचा जुना दाखला फेकू नका. पोरांना लागतो.