भाऊ निर्दोष सुटला, पण ४ वर्षं ७ महिने आत होता. भरपाई मिळते का?

पोळीभाजी_कळवा
नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला दरोड्याच्या केसमध्ये उचललं तेव्हा तो २६ वर्षांचा होता. जामीन झालाच नाही. ९ महिन्यांपूर्वी सेशन कोर्टात निर्दोष सुटला. ओळख परेडच्या आधी पोलिसांनी फोटो दाखवला होता, असं साक्षीदारानंच उलटतपासणीत सांगितलं. त्या रात्री भाऊ रबाळ्याला कंपनीत नाइट शिफ्टला होता. हजेरीपटाची झेरॉक्स अटकेच्या तिसऱ्या दिवशी मी स्वतः पोलिसांकडे नेऊन दिली होती. कुणी उघडून बघितली नाही.

खर्चाची वही ठेवली आहे. वकील १ लाख ४० हजार, मनीऑर्डरी, तुरुंगात भेटीला जायच्या दिवशी माझं पोळीभाजी केंद्र बंद राहायचं ते वेगळंच. आईच्या पाटल्या गेल्या. आता चारित्र्य पडताळणीत केस दिसते म्हणून त्याला कुणी कामावर घेत नाही. सरकारकडून काही मिळतं का? अर्ज कुठे करायचा?

निवृत्त_शिरस्तेदार
ताई, आधी कडू ते सांगतो. निर्दोष सुटलेल्याला भरपाई द्यायलाच हवी असा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगानं २०१८ च्या २७७व्या अहवालात तसा कायदा आणि खास न्यायालयं सुचवली, तो अहवाल पडून आहे. विनाकारण अटकेसाठी नागरी सुरक्षा संहितेत (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३९९ आहे, त्यात जास्तीत जास्त १,००० रुपये, आणि तेही ज्याच्यामुळे अटक झाली त्याच्या खिशातून.

दुसरा रस्ता दिवाणी दाव्याचा. दुष्ट हेतूनं खटला भरल्याबद्दलच्या दाव्याची मुदत निर्दोष सुटल्यापासून फक्त १ वर्ष. तुमचे ९ महिने गेले! सरकारला आधी २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पोलिसांविरुद्ध दाव्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये ६ महिन्यांचीच मुदत आहे, ते कलम तुम्हाला लागतं का, हे वकिलाला पहिल्या भेटीत विचारा. सुटताना ही मुदत कुणी सांगत नाही. इतकी वर्षं कोर्टात काढली, ही गोष्ट मला कायम सलत आली.

तिसरा रस्ता हायकोर्टात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट, म्हणजे सरकारनं हक्क डावलल्याबद्दलची याचिका. बिहारचा रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष ठरूनही १९८२ पर्यंत तुरुंगात होता. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला आधी दिलेल्या ५,००० शिवाय ३०,००० रुपये द्यायला लावले. आपल्या नाशिकच्या खटल्यात फाशी झालेले सहा जण २०१९ मध्ये निर्दोष सुटले, प्रत्येकी ५ लाख. सोळा वर्षांचे ५ लाख!

ऐरोलीकर_दुकानदार
राग मानू नका, पण संशयाचा फायदा मिळून सुटणारे कितीतरी असतात. माझ्या दुकानात चोरी झाली, पंच फुटले, आरोपी सुटला. उद्या त्यालाही माझ्या करातून पैसे द्यायचे?

पोळीभाजी_कळवा
दादा, तुमचं नुकसान झालं ते वाईटच झालं. पण माझ्या भावाचे पंच फुटले नाहीत, तो तिथे नव्हताच. दरोडा ज्यांच्या घरी पडला त्यांनाही खरा चोर मिळाला नाही. त्यांची चार वर्षंही वायाच गेली ना?

निवृत्त_शिरस्तेदार
दुकानदार म्हणतात तो मुद्दा कोर्टातही येणार. नुसतं सुटणं पुरत नाही, खटल्याला आधार नव्हता आणि हेतू वाईट होता हे दाखवावं लागतं. म्हणून विचारतो, हजेरीपट दिल्याची पोच घेतली होती का?

पोळीभाजी_कळवा
पोच नाही हो. तेव्हा कुठे सुचतंय? पण कंपनीच्या सुपरवायझरची साक्ष झाली होती. निकाल वाचताना जजसाहेब हजेरीपटाबद्दल काहीतरी बोलले, तेवढं कानावर पडलं. निकालाची नक्कल आम्ही घेतलीच नाही. सुटला हेच खूप वाटलं.

निवृत्त_शिरस्तेदार
मग सगळं त्या परिच्छेदावर आहे. ‘आरोपीच्या घरच्यांनी कागद देऊनही तपास अधिकाऱ्यानं पडताळला नाही’ अशा अर्थाचं वाक्य निकालपत्रात असेल, तर पोचेपेक्षा मोठा पुरावा तो. उद्याच नकलेचा अर्ज टाका, केस नंबर आणि निकालाची तारीख लिहून न्या. तिथूनच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलेला वकील मोफत मिळतो, भावालाही उत्पन्नाच्या अटीत बसल्यास मिळेल. खर्चाची वही सोबत ठेवा.

पोळीभाजी_कळवा
उद्या केंद्र बंद ठेवते. भावाला घेऊन अकराला कोर्ट नाक्यावर पोचते. तो त्या इमारतीत पाय ठेवायला तयार नाही, बाहेर चहाच्या टपरीवर थांबेन म्हणतो. रांगेत मी उभी राहीन.