सौभूतीचं नाणं त्याचं नसावं

एक मुद्दा मांडला जातो की ग्रीक लेखकांचा सोफायटीस म्हणजे सिकंदराच्या वेळचा पंजाबातला राजा सौभूती, आणि त्याने ग्रीक लिपीत नाणी पाडली म्हणजे तो सिकंदराचा पक्का मांडलिक होता. पहिला भाग ठीक, दुसरा पटत नाही. एका बाजूला शिरस्त्राणधारी डोकं आणि दुसरीकडे कोंबडा असलेली ती चांदीची नाणी मुख्यतः बॅक्ट्रियाकडची, म्हणजे हिंदुकुशाच्या पलीकडली. बरेच नाणेतज्ज्ञ आता ती तिकडच्याच कुणा सत्ताधीशाची मानतात. शिवाय कंदहारला सापडलेल्या एका ग्रीक शिलालेखात नरातोसचा मुलगा सोफायटोस असा तिसराच इसम भेटतो, तोही बऱ्याच नंतरचा. नुसत्या नावावरून गाठ मारायची तर पंचाईतच.

आपला सौभूती उरतो तो ग्रीकांच्या गोष्टींत. त्याने सिकंदराला १५० कुत्रे भेट दिले आणि त्यांचा दम दाखवायला सिंहावर आधी दोन, मग आणखी दोन सोडले. सिंहाला धरलेल्या एका कुत्र्याचा पाय माणसाने सुरीने कापायला घेतला. सिकंदर ओरडला, तेव्हा राजा म्हणाला, याच्या बदल्यात तीन देतो. हे ग्रीक इतिहासकार डायोडोरसचं, भूगोलकार स्ट्रेबोकडे तेच चार होतात! कुत्र्याने मात्र पकड सोडली नाही. सिकंदराचा चरित्रकार एरियन हा सगळा प्रसंग गाळून सोफायटीसच्या राजवाड्याचा नुसता उल्लेख करतो. मला त्याहून स्ट्रेबोची दुसरी नोंद मोलाची वाटते: याच्या मुलुखात अख्ख्या भारताला पुरेल एवढा मिठाचा डोंगर आहे. पाकिस्तानात झेलमजवळच्या खेवड्याच्या मिठाच्या खाणी आजही चालू आहेत.