अंतर जास्त, तरी वेळ कमी कसा?

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर विमानाच्या ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागले, तर येणारे उत्तर तिकिटावरील वेळेशी जुळत नाही, अशी शंका या चर्चेत मांडली गेली आहे. त्यात थोडी भर घालतो.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या शाळेत पृथ्वीगोल आहे. त्यावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तर ध्रुवाजवळून जातो आणि अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. भिंतीवरच्या सपाट नकाशाने येथे हमखास फसगत होते. प्रत्यक्षात विमान त्या दोऱ्यावरूनच जाते असे नाही. २०१६ मध्ये एअर इंडियाने ही सेवा अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडून नेली, तेव्हा अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटरपर्यंत वाढले, तरीही उड्डाण साधारण साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी वेळात पूर्ण झाले; कारण दहा किलोमीटरच्या आसपास उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, म्हणजे जेट प्रवाह, विमानाच्या पाठीशी आला. वाऱ्याच्या दिशेने सायकल हाकत शेतावर गेलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

पृथ्वी खालून फिरते म्हणून वेळ वाचतो, हे चर्चेतील एका सदस्याचे म्हणणे मात्र पटण्यासारखे नाही, कारण वातावरणही पृथ्वीसोबतच फिरते. शिवाय तिकिटावरील वेळा स्थानिक असतात, त्यामुळे वजाबाकी करताना तेथील उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक धरावा लागतो.