बेंबीजवळची गाठ बोटानं आत जाते का?

‘बेंबीला गाठ असलेलं कुत्र्याचं पिल्लू फुकटातही नको’ हे वर एका भाऊंनी लिहिलं, ते सरसकट पटलं नाही. ती बहुतेक वेळा हर्नियाची असते, म्हणजे बेंबीपाशी पोटाचं भोक नीट न बुजल्यानं आतली चरबी किंवा आतडं बाहेर येतं. पिल्लू उताणं धरून हलकं दाबलं की मऊ गाठ आत जाते का ते पाहा. जात असेल अन् लहान असेल, तर सहा महिन्यांपर्यंत बरेचदा आपोआप बुजते. कडक, दुखरी, आत न जाणारी गाठ, वर उलट्या, म्हणजे आतडं अडकलेलं असू शकतं. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आमच्याकडं वावरात जागलीला कुत्रं लागतंच, रोही (नीलगाई) अन् रानडुकरं हरभरा ठेवत नाहीत. बोराएवढ्या गाठीची कुत्री आणली तेव्हा विकणारा म्हणे, “काही नाही बाप्पा, नाळ ओढल्यानं झालं.” पण डॉक्टरांनी सांगितलं, हे पुष्कळदा वंशातून येतं, हिची पिल्लं घेऊ नका. गाठ काही बुजली नाही. मग नसबंदी करतानाच टाके घातले, भूल एकदाच. तो खर्च मी आधीच भावात कापून घेतला होता. विकणारा अजून बाजारात तोंड फिरवते.