डी.एल.एड.च्या पोरांना इंग्रजी आधी वाचायला शिकवा, व्याकरण मागाहून

जुना मास्तर, सोलापूर
सध्या आमच्या शाळेत डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकाची पदविका) पोरांचे सराव पाठ चालू आहेत. काल एका छात्राध्यापिकेनं आमच्या चौथीवर इंग्रजी घेतलं. पाठ टाचण सुबक, चित्रकार्डं रंगीत. तास संपल्यावर टेबलावर राहिलेलं तिचं पुस्तक सहज उघडलं, तर प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीनं देवनागरी. एका ठिकाणी 'क्नाइफ' लिहून खोडलेलं, खाली 'नाइफ'. पोरं तिच्यामागून सुरात म्हणत होती, पुस्तकाकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

तिला बोल लावत नाही. राज्यात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आहे, म्हणजे ही बारावीपर्यंत बारा वर्षं इंग्रजी शिकलीय! गाईडातून. माझं म्हणणं एवढंच, की पदविकेच्या दोन वर्षांत रोज अर्धा तास मोठ्यानं वाचन हवं. काळ आणि प्रयोग घोकणं थोडं कमी झालं तरी चालेल.

पूर्वभागवाला
साफ असहमत. आमच्याकडे, सोलापूरच्या पूर्व भागात, पोरगं घरात तेलुगू बोलतं, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. इंग्रजीचा नंबर चौथा. केंद्राची निपुण भारत मोहीम २०२१ ला आली, तिसरीपर्यंत समजून वाचता यावं म्हणून. इथं पोरं 'प्र' आणि 'र्प' मध्ये अडकतात. मराठी वाचायला कसं शिकवायचं हेच भावी गुरुजींना धड येत नाही, त्यात तुमचा अर्धा तास!

जुना मास्तर, सोलापूर
मराठीची पद्धत इंग्रजीला चालत नाही, तिथंच तर घोळ आहे. आपल्या 'का'चा उच्चार कुठंही 'का'च. तिकडं अक्षरं २६ आणि ध्वनी ४४ च्या आसपास. एकटा 'ए' बघा: कॅट, केक, कार, कॉल. बाराखडीवर वाढलेल्या माणसाला हे कुणीतरी बसवून सांगायला हवं. स्पेलिंग दहादा लिहून ते येत नाही.

पेठेतला
टीईटीत (शिक्षक पात्रता परीक्षेत) १५० पैकी ३० गुण इंग्रजीला, तेही बहुपर्यायी प्रश्न. गोल काळा केला की सुटका. वाचून दाखव असं कुणी म्हणतच नाही, मग करणार कोण? (भरतीचं तर विचारूच नका.)

दुसऱ्या वर्षाची
देवनागरी लिहिणारी मीही आहे. मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले असतात, एक शब्द अडला तर वर्ग हसतो. घरी आजी 'बस्सु', 'बुक्कु' म्हणते, कारण तेलुगूत बहुतेक शब्दांच्या शेवटी स्वर असतो. माझ्याही तोंडून तसंच यायचं. पहिल्या वर्षी एकदा सगळे हसले, त्यानंतर मी मोठ्यानं वाचणं सोडलं. अर्धा तास द्या किंवा दहा मिनिटं, पण हसणारे नकोत. आम्ही दोघी मैत्रिणी आता गच्चीवर एकमेकींना पहिलीचं पुस्तक वाचून दाखवतो. हो, पहिलीचंच.

जुना मास्तर, सोलापूर
ताई, पहिलीचंच बरं. आणि पेन्सिल ठेवा, पण अडलेल्या शब्दापुरतीच.

पूर्वभागवाला
ताईंचं पटलं. मास्तर, तुमचं अजून नाही. शनिवारी तुमच्याच चौथीत एकेकाला उभं करून मराठीचा न शिकवलेला उतारा वाचायला लावा. किती जण अडखळले ते इथंच लिहा, मग अर्ध्या तासाचं बघू.